कानामागची झडप

रुग्णालयांसाठी माहितीपत्रके भाषांतरित करणे हे धाकट्याचे काम. वय तिशीला टेकले तरी घरात तो धाकटाच. शंट म्हणजे काय, हे त्याने मोजक्या ओळींत बसवले होते : मेंदूत साचणारे पाणी बारीक नळीने, कातडीखालून, मानेवरून पोटात उतरवतात, वाटेत कानामागे एक मऊ झडप असते. मूळ पत्रकात, झडप दाबून कशी पाहावी यासकट, प्रत्येक सूचनेखाली तेच वाक्य होते, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय करू नये. सात वेळा. त्याच्या कानाला ते खुपले. सहा ठिकाणचे त्याने गाळले आणि मागच्या पानावर, अगदी तळाशी, एकदाच ठेवले. पत्रकाचे कौतुक झाले.

वर्षभराने त्याच्या सहा वर्षांच्या भाचीलाच शंट बसला. ताईने ते पत्रक फ्रिजवर चिकटवले, मागची बाजू दाराला लागून.

आज दुपारी भाची तपासणीच्या खाटेवर निपचित पडली होती.

“कधीपासून ओकतेय?” डॉक्टरीणबाईंनी विचारले.

“परवापासून. सारखी झोपतेय,” ताई म्हणाली.

“आणि आज आणलीत?”

“मी झडप दाबून बघत होते ना, सकाळ-संध्याकाळ. वर येत होती. म्हटलं, चालू आहे.”

“झडप वर आली म्हणजे शंट चालू, असं नसतं हो. कुणी सांगितलं दाबायला?”

धाकटा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. ताईने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

“वाचलं होतं कुठंतरी,” ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी भाचीच्या डोळ्यांत विजेरी धरली. “नळी तुंबलीय. आत्ताच बदलावी लागेल. डोळ्यांच्या नसांवर दाब आलाय. नजर किती परत येईल, ते आज नाही सांगता येणार.”

खाट ढकलत नेताना त्याने भाचीचा हात धरला. खिडक्यांतून भरदुपारचे ऊन तिच्या चेहऱ्यावर पडत होते, आणि तिची पापणीही लवत नव्हती.

“मामा, लपलास होय रे?” ती हसायला बघत होती. “चीटिंग! मी राज्य घेतलंच नाहीये अजून.”

“इथंच आहे गं, बाळा.”

“मग दिसत का नाहीयेस?”

शस्त्रक्रियागृहाचे दार मिटले. ताई बाकावर बसली. तिने भाचीची ओढणी मांडीवर घेतली आणि तिच्या नीट असलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या.

“ताई,” तो म्हणाला, “ते पत्रक मी लिहिलं होतं. सक्त ताकीद होती त्यात. मीच ती मागच्या पानावर ढकलली.”

“तू लिहिलंस ते माहितीय मला,” ताई म्हणाली. “म्हणून तर दुसऱ्या कुणाला विचारलं नाही.”

तिच्या आवाजात राग असता, तर त्याला धरायला काही मिळाले असते. ती बाकावर थोडी सरकली, त्याच्यापुरती जागा केली. तो उभाच राहिला.