गाववाल्यानू

“वाट लागली, दत्ताराम! टाकीत विष पडलं, अर्धं भांडुप गेलं,” असं म्हणत प्रशिक्षक देवव्रत सरांनी टाळी वाजवून चाचणी संपवली. सगळे वॉचमन हसले.

दत्ताराम मान खाली घालून उभा होता. टेकडीवरची ही पाण्याची टाकी तो तेवीस वर्षं राखत होता. संशयित कसा ओळखायचा, बेवारस वस्तूला हात लावायचा नाही, कार्डाशिवाय फाटक उघडायचं नाही, हे सगळं त्याने दोन दिवस इमानेइतबारे घोकलं होतं. आणि चाचणीतल्या खोट्या घुसखोराने फाटकाशी येऊन नुसती हाक मारली, “गाववाल्यानू, वाईच पानी देतास?” झालं! कोकण सोडून जन्म लोटला होता, तरी हाताने परस्पर कडी काढली.

“साहेब, तो मालवणीत बोलला हो.”

“मग? चोराला मालवणी येत नाही? आज परत कुणीतरी येईल, मी कॅमेऱ्यात बघतोय. चुकलात तर उद्यापासून घरी बसा.”

सत्तावन्नाव्या वर्षी दुसरं काम कोण देणार? दत्ताराम परत फाटकाशी जाऊन उभा राहिला. चाचणीच्या धसक्यात तो सकाळी डबाही घरीच विसरला होता.

दुपारी त्याची बायको प्रेमा धापा टाकत टेकडी चढून आली. “ओ, डबो इसारलात तो! उघडा.”

हिलाच सरांनी पाठवलं असेल तर? असा विचार मनात आला याची त्याला लाज वाटली. पण डोक्यावर कॅमेरा होता.

“कोण तुम्ही? कार्ड दाखवा.”

“खुळावलात काय? मी प्रेमा!”

“मागे व्हा, बाई!” तो ओरडला. त्याने आतून कडी दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली.

प्रेमाने ते हात बघितले, मग वरचा कॅमेरा बघितला. तिने डबा फाटकाबाहेर खाली ठेवला आणि पदर सावरून मोठ्याने म्हणाली, “चुकलंय ओ, साहेबानू. माजो घोव दुसऱ्या टाकीवर असतलो.”

ती उतरून गेली. लगेच फोन वाजला. “झकास, दत्ताराम! पास झालात. बाई आमची नव्हती, पण वागायचं ते असंच. कोण होती?”

“ठाऊक नाही, साहेब.”

भुकेने त्याला घेरी येत होती. बेवारस डबा चार पावलांवर होता. दत्ताराम शिट्टी तोंडात धरून संध्याकाळपर्यंत फाटकाच्या आत उभा राहिला.