अर्ध्या शब्दात थांबलेला आत्मा

दोन खोल्यांच्या त्या घरात मुंगी शिरायला जागा नव्हती. बायाबापड्या, पोरंटोरं, निवृत्त मास्तर, सगळे माना उंचावून टेबलावरच्या संगणकाकडे बघत होते. पडदा काळाकुट्ट. त्यावर एक पांढरी चौकट, म्हणजे कर्सर, लुकलुकत होती, बस्स. टेबलापासून चांगला लांब, हात जोडून, डोळे मिटून कर्सरबाबा बसला होता.

"लुकलुकतंय ना? ती लेकराची धडधड आहे!" बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "माऊस म्हणजे मोह, म्हणून इथे माऊस नाही. इथे शब्द आणि श्रद्धा. कीबोर्डला कुणी हात लावायचा नाही. आत्म्याला झटका बसतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी या घरचा डॉक्टर. समोर खुर्चीत बसलेल्या बाईंना मी वहिनी म्हणतो. त्यांचा मुलगा याच संगणकावर पोटापाण्याचं काम करायचा. तो अपघातात गेला, आणि महिन्याभरात हा बाबा दारात उगवला. तेव्हापासून मुलगा पडद्यावर 'बोलतो'. मागच्या खेपेला त्याने आईला हुकूम सोडला होता: तुझी साखर मी ओढून घेतली, आता सुई टोचायची नाही. वहिनींनी त्याच दिवशी इन्सुलिन बंद केलं.

आज त्यांची जीभ कोरडी पडली होती, श्वास धपापत होता आणि त्याला पिकून गेलेल्या फळासारखा वास येत होता. हा वास मी ओळखतो. तो आला की रुग्णाने दवाखान्यात असायला हवं.

"तो जा म्हणाला तर जाईन, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्याला विचारल्याशिवाय नाही."

म्हणून मी त्यांच्या मुलीला फोन करून बोलावून घेतलं होतं. ती दुसऱ्या शहरात कुठल्याशा कंपनीचे सर्व्हर सांभाळते. प्रवासाची बॅग खांद्यावर तशीच ठेवून ती भिंतीला टेकून उभी होती आणि पडदा न्याहाळत होती.

तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. एकेक, सावकाश. बाबाचे हात जोडलेलेच.

हेडमास्तरीण, रडू नकोस...

"बाई गं!" शेजारच्या मावशी किंचाळल्या. "आईला तो हेडमास्तरीणच म्हणायचा! घराबाहेर कुणाला ठाऊक आहे हे?"

वहिनींच्या डोळ्यांना धार लागली. अक्षरं पुढे सरकली. मी सुखात आहे. सुईला हात ला

मुलगी दोन ढांगांत टेबलाशी गेली आणि तिने दोन बटणं एकदम दाबली. आत्मा अर्ध्या शब्दात थांबला.

"घात केलास!" बाबा उसळला. "संपर्क तुटला! आता तो भटकत राहील!"

"काही तुटलं नाही. चालू असलेलं काम मी थांबवलं," ती म्हणाली. "कंट्रोल धरायचं आणि सी दाबायचं. ऑफिसात रोज करते. यानं थांबणारा आत्मा भलताच आज्ञाधारक म्हणायचा."

कुणीतरी फिसकन हसलं. तिचं मात्र हसण्याकडे लक्ष नव्हतं.

"या काळ्या खिडकीत तुम्ही जो हुकूम टाइप करता, तो ती लक्षात ठेवते. वरच्या बाणाचं बटण दाबलं की मागचा हुकूम पुन्हा हजर. म्हणजे तेच तेच लिहायला नको. हे बघा."

तिने बाण दाबला. पडद्यावर एक लांबलचक ओळ आली. ती बोट ठेवून समजावत गेली: आधी पडदा पूस, मग दहा मिनिटं थांब, मग पुढचा मजकूर एकेक अक्षर छाप. आणि पुढे तो मजकूर सबंध होता, हेडमास्तरीणपासून 'सुईला हात लावू नकोस'पर्यंत.

"लोक यायच्या आधी बाबा दार लावून शुद्धी करत होते ना? ही ती शुद्धी."

"पण मग ते नाव?" मास्तरांनी विचारलं. "ते याला कुणी सांगितलं?"

तिने बाण आणखी एकदा दाबला. "दादाच्या जुन्या मेसेजांत जिथे जिथे 'आई' असेल ती ओळ शोधून दाखव, असा हा हुकूम आहे. ग्रेप म्हणतात त्याला. त्यातल्याच एखाद्या ओळीत 'हेडमास्तरीण' सापडलं असणार. दादानेच शिकवलं होतं मला." इथे तिचा आवाज चिरकला. "पासवर्ड आईनेच दिला असणार."

बाबा दक्षिणेची पिशवी सावरत दाराकडे सरकला. "अश्रद्धांच्या घरात वाणी टिकत नाही," असं काहीतरी पुटपुटत होता. मास्तरांनी दार अडवलं आणि बराच वेळ त्याला नको नको ते ऐकवलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

वहिनी मात्र पडद्यावरून नजर काढेनात. "पुन्हा चालव ना गं ते," त्या मुलीला म्हणाल्या. "एकदाच."

मी तिच्या कानाशी वाकलो. "मजकूर बदल. लिही, आई, इन्सुलिन घे, दवाखान्यात जा. त्या लगेच ऐकतील."

"ऐकेल हो, काका. उद्या दुसरा कुणी येऊन दुसरं लिहील, तेही ऐकेल."

तिने संगणक बंद केला आणि आईच्या पायांशी बसली.

"आई, दादा बोलत नव्हता. तो गेला गं. मी आहे. मी बोलतेय, आणि मला माझी आई हवी आहे."

वहिनींनी हात पुढे करून तिचा चेहरा धरला. मग त्यांनी हंबरडा फोडला. मुलगा गेल्याचं जणू त्यांना त्या क्षणी कळलं. रडण्याचा पहिला भर ओसरल्यावर मला म्हणाल्या, "भाऊजी, गाडी बोलवा."

त्या वाचल्या, पण थोडक्यात. अर्धा दिवस उशीर झाला असता तर हे लिहायला माझा हात उचलला गेला नसता.

बाबाची ती सगळी विद्या कॉलेजातलं कुठलंही पोर एका दुपारी शिकेल. ती वाईटही नाही, लोक तिच्यावर रोज इमानाने पोट भरतात. वाईट होता तो माणूस, ज्याने एका आईचं दुःख चाचपून बघितलं आणि त्यातच हात घातला. असे आणखी येतील, नवीन यंत्रं घेऊन येतील. कुणीही तुमचं औषध बंद करायला सांगितलं, तर त्याला विचारा, 'तुला कसं कळलं? दाखव.' आणि तो दाखवत असेल तोवरही औषध चुकवू नका.