तिसरा रकाना

प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण असतो, मुंगीच्या डोक्याएवढा. तसाच एक मदरबोर्डवर. दोन्ही समोरासमोर आले की झालं — दाबायचं नाही, ढकलायचं नाही, नुसतं सोडायचं, आपलं आपण बसतं... हे संघपालला सोळा वर्षांपासून ठाऊक होतं, आणि तरी दर वेळी सोडताना तो श्वास धरायचा. आत्ताही धरला. बाहेर हायवेवरून ट्रक गेला, काउंटरची काच थरथरली, ती थांबेपर्यंत त्यानं बोटं तशीच ठेवली आणि मग सोडली. बसलं. कॉम्प्युटर जुळवण्याच्या या सगळ्या उद्योगात एवढी एकच जागा अशी होती जिथं निवडायचं काही नव्हतं. बाकी सगळी निवडच.

"भाऊ, हाईत का?"

दारात गुरुसिद्धप्पा. ट्रकच्या मागच्या फळ्यांवर मोर, कमळं आणि नंबर रंगवण्यात त्यांची हयात गेली होती. नखांच्या कडांना लाल-पिवळा रंग कायमचा. मागं त्यांची मुलगी शिवांजली, खांद्याला सॅक. ती सोलापूरला ॲनिमेशन शिकते, हे त्यांनी गेल्या आठवड्यात एकाच बैठकीत तीनदा सांगितलं होतं. "माझा मोर जागचा हलत न्हाय भाऊ, हिचा उडतोय बगा," असं म्हणून स्वतःच हसले होते. तिला घरी कॉम्प्युटर हवा होता आणि त्यांना संघपालकडूनच जुळवून घ्यायचा होता.

"या आप्पा, बसा. कोटेशन तयार ठेवलंय."

त्यानं कागद पुढं सरकवला. तीन रकाने. उन्हाळा नुसता भाजत होता, पंखा गरम वारा फिरवत होता, आणि बापलेक त्या कागदावर वाकले.

तीन रकान्यांची युक्ती संघपालला कुणी शिकवली नव्हती, गिऱ्हाइकांनीच शिकवली. पहिल्या रकान्यात कसंबसं भागेल असं लिहायचं — साधा प्रोसेसर, आठची रॅम, ग्राफिक कार्ड नाही — ते घ्यायला माणूस लाजतो. तिसऱ्यात सगळं भारीतलं लिहायचं, ते बघून माणूस घाबरतो. मग मधल्यावर येऊन टेकतो आणि आपण फार अक्कलहुशारीनं निवडलं अशा तोऱ्यात घरी जातो. तिसरा रकाना विकायचा नसतोच; मधला परवडणारा दिसावा म्हणून तो असतो. "तुमचा तिसरा रकाना म्हणजे बुजगावणं," असं त्याची बायको चैताली म्हणायची, आणि तोही हसायचा. दुधाची तहान ताकावर भागवायची, हाच आपला धंदा, असं मित्रांत वर तोंड करून सांगायचा. मधलं घेऊन कुणाचं वाईट झालं नव्हतं. कुणाच्या मशीनचं, म्हणजे.

अडीच वर्षांपूर्वी सोलापूरच्या एका दवाखान्यात, थंडगार केबिनमध्ये, डॉक्टरांनी संघपालसमोर कागदाच्या पाठीवर तीन आकडे लिहिले. एक — नुसती औषधं. दोन — दोन स्टेंट, उद्याच, इथंच. तीन — बायपास, पुण्याला न्यावं लागेल, तिथं महिनाभर तरी राहावं लागेल. त्याचे वडील, अण्णा, बाहेर बाकड्यावर मायच्या शेजारी बसले होते. वीज मंडळात बत्तीस वर्षं लाइनमन म्हणून खांबावर चढलेला माणूस, आणि जिन्याच्या आठ पायऱ्यांनी दम लागला म्हणून ओशाळून बसला होता. आणि मी... मी तो कागद बघितला आणि मला आतल्या आत हसू आलं. वाटलं, अरे, हा तर आपलाच कागद! तिसरं बुजगावणं. ओळखलं मी तुम्हाला, डॉक्टर. आणि ऐटीत म्हणालो, दुसरं करा.

सात महिने. बुद्धपौर्णिमेला चार दिवस होते. सकाळी दात घासता घासता अण्णा मोरीत खाली बसले, ते बसलेच.

तेव्हापासून संघपालनं ही आपली चूक आत इतक्या वेळा उलटीपालटी केली होती की तिच्या कडा झिजून गेल्या होत्या. धंद्याची सवय नडली. दुकानदाराची नजर घेऊन दवाखान्यात गेलो, म्हणून बाप गेला. हे मायला सांगायचं, एवढं एकच त्याच्या जिवाला लागून राहिलं होतं. सकाळी ठरवायचा, आज. संध्याकाळी म्हणायचा, उद्या. दोन वर्षं होत आली. तोवर एक केलं — बुजगावणं उभं करणं सोडलं. तिसऱ्या रकान्यात आता तो जे खरंच लागेल तेच लिहायचा. धंदा थोडा बसला, बसू दे.

"काका, ग्राफिक कार्ड आठ जीबीचंच लागेल," शिवांजली म्हणाली. तिचं बोट तिसऱ्या रकान्यावर होतं. "क्लासमध्ये चारचं आहे. जरा मोठा सीन लावला की अडकून बसतं."

"बरोबर आहे तुझं."

"आणि रॅम पण बत्तीस."

"व्हय, पण ह्ये बगा की," गुरुसिद्धप्पा म्हणाले. त्यांची नजर रकान्याच्या तळाशी, बेरजेवर होती. तिथून मधल्याच्या तळाशी गेली, परत आली. ओठ हलत होते. मोराचा पिसारा रंगवण्याआधी फळीची रुंदी मापताना हलतात तसे.

तेवढ्यात माय आली.

जाईबाई रोज दीडला डबा घेऊन यायच्या. घर काही लांब नव्हतं, संघपाल जाऊन जेवू शकला असता. पण अण्णा गेल्यापासून दुपारी घरात त्यांना करमत नसे. चपला दाराशी काढून, पदरानं मान पुसत त्या स्टुलावर बसल्या. गुरुसिद्धप्पांनी नमस्कार केला, लेकीची ओळख करून दिली. मायनं मुलीच्या चेहऱ्यावरून हात फिरवला.

"बापाची लाडकी दिसतीस. शिक माय, शिक. पैक्याकडं बगू नगा आप्पा. लेकरासाटी आन् आईबापासाटी हात आखडू नये."

"खरं हाय मावशी."

"आता ह्याचंच बगा की. ह्याचे अण्णा आजारी पडले, तवा ह्यानं काय बाकी ठिवलं न्हाय. सोलापूरला नेलं, लई मोठ्या डाक्टरला दाकवलं, आठ दिस दुकानाचं तोंड बगितलं न्हाय. माणूस न्हाय राहिलं, त्ये त्याच्या नशिबाचं. पर माज्या लेकरानं काय बाकी ठिवलं न्हाय."

गावभर माय हे सांगत असे. भावकीत, दळणाच्या चक्कीवर, विहारात. प्रत्येक वेळी संघपाल दुसरीकडं बघायचा. आत्ता त्यानं स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक बघितलं, परत ठेवला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

गुरुसिद्धप्पा मात्र एकदम मोकळे झाल्यासारखे सरळ बसले. "मग भाऊ, तुमीच सांगा. माझं डोकं चालंना गेलंय. तुमच्या घरचं आसतं, तर तुमी काय घेतलं आसतं?"

हा प्रश्न नवा नव्हता. दर दुसरं गिऱ्हाईक विचारतं. उत्तर ठरलेलं असायचं — आप्पा, घरचं असतं तर डोळे झाकून मधलं... पण ती जुन्या रकान्यांची गोष्ट. आज तिसरा रकाना खरा होता. ही मुलगी मधल्या मशीनवर वर्षभर काम करील, मग तिचं चित्र मोठं होईल, मशीन पुरं पडणार नाही, आणि ती मशीनला नाही, स्वतःलाच कमी समजेल... हे त्याला स्वच्छ दिसत होतं. तिसरं, एवढंच म्हणायचं. मुलगी बघत होती. माय डब्याचं झाकण काढता काढता थांबली होती.

"मधलं घेतलं असतं," संघपाल म्हणाला.

"बगा!" गुरुसिद्धप्पांनी मांडीवर थाप मारली. "दुसरा आसता तर म्हागाचं गळ्यात मारलं आसतं. ह्याला म्हनत्यात खरं बोलणं."

शिवांजलीनं बोट काढून घेतलं. सॅकचा पट्टा नीट करत राहिली. बेस्तरवारी पैसे घेऊन येतो, असं सांगून गुरुसिद्धप्पा उठले. ती त्यांच्या मागं गेली, आणि दुकानात पंख्याचा तेवढा आवाज उरला.

खरं बोललो. खरंच खरं बोललो... घरचं होतं तेव्हा मधलंच घेतलं होतं. पण तसं नाही. थांब. हा प्रश्न — तुमच्या घरचं असतं तर — हा केबिनमध्येही कुणीतरी विचारला होता. कुणी? आवाज आपलाच होता. डॉक्टर, तुमच्या घरचं असतं तर? आणि डॉक्टरांचं पेन कागदावर फिरत होतं ते तिसऱ्या आकड्यावर येऊन थांबलं होतं, आणि ते म्हणाले होते, अगदी साध्या आवाजात, माझे वडील असते तर मी हे केलं असतं. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली होती. चष्म्यातून. घाई न करता.

मग ते हसू? हसू कुठलं. तेव्हा कोण हसलं होतं? ते नंतरचं असेल — अण्णा गेल्यानंतर, कुठल्यातरी दुपारी, या काउंटरमागं बसून आपणच ते आणून तिथं बसवलं असेल, आणि बुजगावण्याची सगळी गोष्टही. त्या केबिनमध्ये त्याला काहीही ओळखीचं वाटलं नव्हतं. त्याला फक्त सोमवार आठवत होता. तेव्हा दुकान अजून इथं आलं नव्हतं; हायवेवरच्या या गाळ्याचा मालक म्हणाला होता, सोमवारपर्यंत डिपॉझिट, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. पुणं म्हणजे महिना. पुणं म्हणजे गाळा गेला. एवढंच. पेन तिसऱ्यावर थांबलेलं असताना त्यानं हे सगळं नीट तोललं होतं — कदाचित स्टेंटवरही निभेल, लोकांचं निभतं — आणि तोलून झाल्यावर म्हणाला होता, दुसरं करा. बाहेर येऊन अण्णांना म्हणाला, "काही विशेष नाही, दोन स्टेंट. झालं." अण्णांनी मान हलवली. तिसऱ्याबद्दल त्यांना कळलंच नाही, विचारलं गेलंच नाही.

आणि स्टेंटनंतर दीड महिन्यानं अण्णा या गाळ्यात आले होते. अर्थिंगचा खड्डा दुसऱ्याला करू दिला नाही. "अर्थिंग बरुबर नसंल तर मशनी जळून जातील, तुला काय कळतंय त्यात," म्हणून खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून मीठ आणि कोळशाचे थर स्वतः घालून घेतले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. मग भिंतीला टेकून, दम खात, सगळा गाळा डोळे भरून बघितला. "लई भारी जागा घावली." आणि जरा वेळानं, "डिपाझिटचं कसं जमवलास रं?"

"जमलं."

"चांगलं केलास," अण्णा म्हणाले होते.

"जेव की रं," माय म्हणाली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांगं तिनं पुढं केलं. मग सहज, डब्याचं झाकण पुसत, "त्या पोरीला तिसरंच पायजे हुतं व्हय?"

"हं."

"आन् त्येच चांगलं हुतं?"

"हं."

"मग मधलं का सांगितलास?"

तो तिच्याकडं बघत राहिला. सत्तरीचा चेहरा, निवांत, काही न शोधणारा. ती फक्त कॉम्प्युटरचं विचारत होती. की आणखी काही, कुणास ठाऊक... फक्त कॉम्प्युटरचंच असेल. आत्ता बोलता आलं असतं. शब्द तयार होते, दोन वर्षं घासूनपुसून ठेवलेले — माय, माझी चूक झाली, मला वाटलं डॉक्टर आपल्यासारखाच... पण ते शब्द ज्याच्यासाठी जमवले ते घडलंच नव्हतं. चूक झाली असती तर मायनं ती पोटात घातली असती. "व्हतंय रं लेकरा," म्हणाली असती, पाठीवरून हात फिरवला असता, दोघं मिळून रडले असते. याच आशेवर तर तो इतके दिवस सांगायचं-सांगायचं करत होता. पण चूक नव्हती ती. मला माहीत होतं, माय. मला सांगितलं होतं. आणि मी निवडलं.

"त्यांना परवडलं पाहिजे ना," तो म्हणाला.

"त्ये बी हायच," माय म्हणाली. "परवडाय पायजे." आणि वांग्याचा रस्सा त्याच्या भाकरीकडं सरकवून ती दाराबाहेरच्या उन्हाकडं बघत बसली.

त्यानं भाकरी मोडली. हिला हे सांगायचं कसं, आणि न सांगता रोज दीड वाजता हिच्यासमोर बसायचं कसं... दोन्ही त्याला सुचेना. दोन वर्षं त्यानं आपल्या चुकीचं दुःख केलं होतं. ते आता हातात उरलं नव्हतं. घास तोंडाशी थांबला, आणि अण्णा नाहीत, कुठंच नाहीत, हे त्याला आत्ता पहिल्यांदा कळलं.