आबांच्या मळ्यातला लष्करी फोन

मित्रांनो, मी एक जुना लष्करी टेलिफोन आहे. लढाईच्या गोष्टी मात्र माझ्याकडे मागू नका, माझी सगळी लढाई गोदामात गेली. पुढं मला आणि माझ्या जोडीदाराला पुण्याच्या जुन्या बाजारात गोणपाटावर मांडलं, तिथं आम्हाला जोतीराम भेटला. तो पुण्यात इंजिनियरिंग शिकत होता. त्यानं माझी दांडी गरगर फिरवली, तारेच्या दुसऱ्या टोकाला जोडीदार खणखणला आणि पोराचा चेहरा असा खुलला की मी तिथल्या तिथं त्याचा झालो.

१९५४च्या उन्हाळ्यात त्यानं आम्हाला काटेवाडीला, आपल्या गावी आणलं. जोडीदार घरात बसला, मी मळ्यातल्या खोपटात. जोतीरामचे वडील मोहनराव, म्हणजे आबा, आधी मला बघून नाक मुरडायचे. "मानूस दिसंना, मग बोलायचं कुनाशी?" पण कालव्याला पाणी सुटल्याचा निरोप घरून घटकेत मळ्यात आला, आणि दुसऱ्या दिवशी आबांना पटक्याच्या टोकानं मला पुसताना मी स्वतः पाहिलं!

त्या घरात बापलेक समोरासमोर बोलत नसत. लेक शेजारी जेवत असला तरी आबा बायकोला, द्वारकाबाईंना म्हणायचे, "त्याला सांग." जोतीरामला आता बंगलोरला संदेशवहनाचं वरचं शिक्षण घ्यायचं होतं. माणसाचा आवाज शेकडो कोस दूर स्वच्छ कसा न्यायचा, याचं त्याला वेड होतं. त्यानंही आईकरवीच विचारलं. आबांना लेक उसाच्या मळ्यात हवा होता, त्यामुळं ते हो-ना न करता मळ्याकडं चालते झाले. सोमवारी निघालं नाही तर त्याची जागा जाणार होती.

रविवारी दुपारी आबा माझ्यासमोर येऊन बसले. रिसिव्हर उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी दांडी फिरवली. घरात फोन नेमका लेकानंच उचलला.

"मी जोतीराम, आबा."

आबा गडबडले. मग म्हणाले, "तुज्या आईला म्हनावं, जोत्याला सांग, बंगलोरला जायला हरकत न्हाय."

मला हसू आवरेना. तिकडून द्वारकाबाईंचा आवाज आला, "अवो, त्योच हाय की फोनवर! त्यालाच सांगा की!"

आबांनी घसा खाकरला. आजूबाजूला बैलांशिवाय कुणी नाही, याची खात्री केली.

"जोत्या, जा. लई शिक. उसाचं बगायला मी हाय हितं." मग जरा थांबून, "आवाज येतोय न्हवं माजा?"

"येतोय, आबा. लख्ख येतोय."

जोतीराम गेला आणि माझं काम कमी झालं. कोंबडी माझ्यावर बसून डुलक्या घेऊ लागली. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना अधूनमधून पुसत जा, वापर नसेल तेव्हा पोटातली बॅटरी काढून ठेवा, नाहीतर आम्ही आतून गंजतो. एवढंच मागणं आहे.

दिवाळीच्या सुट्टीत जोतीराम थेट मळ्यात आला. आबांनी विचारलं, "काय शिकवत्यात रं तितं?" त्यानं काठीनं मातीत आवाजाच्या लाटा काढून दाखवल्या. आबा प्रश्नावर प्रश्न विचारू लागले. दोघं एकदम बोलत होते, एकदम हसत होते. जेवणवेळ टळली, घरून द्वारकाबाईंनी दांडी फिरवली. मी खणखण वाजत राहिलो, पण दोघांपैकी कुणालाही ऐकू आलं नाही. आयुष्यात इतक्या आनंदानं मी कधी वाजलो नव्हतो.