मेल्या नवऱ्याची फारकत

शेजारीण कांद्यात खुरपत होती, मी बांधाच्या अलीकडे माझ्या वाफ्यात. तिचा धाकटा दीर तरातरा आला नि तिच्या हातातलं खुरपं हिसकावून घेतलं.

"उठायचं, बाई. या रानात पुन्हा पाय ठेवायचा नाही."

कालपर्यंत वहिनी वहिनी करणारा आज बाई म्हणाला. नवरा जाऊन महिना झालेला, तरी ती हसली.

"भाऊजी, सकाळी सकाळीच घेतली का? मी लावलेले कांदे मी नको खुरपू?"

"भाऊजी कुणाला म्हणतेस? दोन वर्षं झाली तुझ्या फारकतीला. कोर्टाचा कागद आहे. दादाला मूलबाळ नाही, त्याची जमीन आता माझी."

"अहो, दोन वर्षं त्यांचं हगणं-मुतणं मी काढलं. फारकत झालेली बाई काढते का?"

पण कागद खरा होता. त्यात लिहिलं होतं, की बायको सोडून गेली. समन्स तिनं स्वतः घेतलं, अंगठा लावला, पण कोर्टात आली नाही. म्हणून एकतर्फी निकाल.

"मी कुठं लावला अंगठा, काकू?" ती मला विचारत होती. नि मला समन्साची ती सकाळ आठवली. ती रानात गेलेली, मी समोर माझ्या दारात जपाला बसलेली. त्यांच्या दारात कोर्टाचा बेलिफ आला, तिचं नाव घेऊन हाक मारली. धाकटी जाऊ पुढं झाली, "मीच ती," म्हणाली नि अंगठा उठवला. सातवी शिकलेली बाई अंगठा का लावते, एवढं माझ्या मनात आलं होतं. पण जप पुरा होईतो मी बोलत नाही. आणि जप झाल्यावर म्हटलं, दुसऱ्याच्या घरात आपण कशाला तोंड घालायचं?

जावेचं सगळं तिला सांगितलं.

"देवाला बरं वाटलं असेल, काकू," एवढंच म्हणाली.

वकील म्हणाले, नवरा गेला तरी निकाल जात नाही, तो रद्दच करून घ्यावा लागतो. दिराला सामनेवाला करू. तिचा सगळा भरवसा एका गोष्टीवर. "हे दिराचंच काम. आजारी माणसाची सही घेतली असेल. त्यांना काय ठाऊक?" चार वर्षं तारखांना जाताना, येताना हेच बोलायची. मी खाली बघायची.

शेवटी माझी साक्ष निघाली. दिराच्या वकिलानं विचारलं, "बाई, तोंड होतं ना तुम्हाला? मग तेव्हाच का नाही बोललात?"

"होतं, साहेब. पण जपात होते. पाप माझं आहे, तेही लिहून घ्या."

लोक हसले. जज्जसाहेब हसले नाहीत. "तिथं आणखी कोण होतं?"

देवाची शपथ घेतलेली. तिच्याकडं न बघता म्हटलं, "तिचा नवरा. तेव्हा हिंडता-फिरता होता. ओट्यावर चहा पीत बसला होता. सगळं बघत होता. बेलिफानं हीच का तुमची बायको विचारलं, तर मान हलवली त्यानं."

त्या मान हलवण्यानंच निकाल फिरला. कोर्टाला फसवून घेतलेली फारकत म्हणून रद्द झाली. निकालाच्या दिवशी दीर जिना उतरताना मला शिव्या देत गेला.

वकील हात जोडून म्हणाले, "जिंकलात ताई. कायद्यानं तुम्ही शेवटपर्यंत त्यांच्या पत्नी."

ती पायरीवर बसली. मी पाण्याची बाटली पुढं केली, तिनं घेतली नाही.

"काकू, मान हलवताना तोंड तरी वळवलं होतं का हो त्यांनी?"

"वळवलं होतं," मी म्हटलं.

"खोटं बोलू नका. साक्षीत शपथेवर म्हणालात, बघत होते." तिनं हातातला निकाल पदराला पुसल्यासारखा केला नि घडी घातली. "चार वर्षं भांडले, जमीन घेतली, ते बरंच झालं. पण बघा की, भांडून भांडून कुणाची बायको ठरले मी."