काळ्या पाटीवरचे पाट

मित्रांनो, मी एक चित्रांचा पडदा आहे. खिडकीला लावतात तसला नव्हे. काही जुने संगणक नुसती काळी पाटी दाखवतात. तिच्यावर अक्षर न् अक्षर बरोबर लिहून आज्ञा दिली तरच ते काम करतात. अशा संगणकाला वरून चित्रांचा सदरा चढवला, की माणूस काही न लिहिता चित्रावर टिचकी मारून काम सांगू शकतो. तो सदरा म्हणजे मी. जाणकार लोक मला शेल म्हणतात. जाणकार लोक आमच्याकडे फारसे येत नाहीत.

मी राहतो पेणमध्ये, गणपतीच्या एका कारखान्यात. आमचे मालक काळुराम यांनी तो संगणक एका कंपनीच्या भंगारातून उचलून आणला होता. कुणाचा बाप्पा किती उंच, पितांबर कोणत्या रंगाचं, मूर्ती कोणत्या फळीवर, हे सगळं त्यांनी काळ्या पाटीत भरून ठेवलं. शाडू मळता मळता ते उठून यायचे आणि एका बोटाने आज्ञा ठोकायचे. त्या आज्ञा कारखान्यात दुसऱ्या कुणालाच येत नव्हत्या, याचा त्यांना थोडा गर्वही होता. कळफलकाच्या फटींत इतका शाडू साचला होता, की योग्य हातांत पडला असता तर त्यातून एक छोटा उंदीर सहज झाला असता.

मग एका हिवाळ्यात काळुरामांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पाय चालू लागले, उजवा हात थोडा रुसून राहिला. पण शब्द हरवले. माणूस ओळखू यायचा, काम समजायचं, फक्त नाव ओठांवर यायचं नाही. लिहायला गेलं तर अक्षरं विस्कटायची. एकच शब्द धड उरला होता, "नाय". काळी पाटीही चुकलेल्या आज्ञेला साधारण हेच उत्तर द्यायची. दोघं समोरासमोर बसून एकमेकांना नाय म्हणायचे. तसं पाहिलं तर त्यांचं छान जमलं होतं, पण कारखान्याचं काम काही पुढे सरकत नव्हतं.

त्यांचा मुलगा हितेश वाईट नव्हता, घाईचा होता. "बाबा, तुम्ही आता घरी आराम करा. मी मोबाइलवर बघतो सगळा."

"नाय."

"नाय काय? तुम्हाला पायजे ते सांगता येतंय का? चहा पायजे? पाणी? गोळी? पंखा?"

काळुरामांना खुर्ची हवी होती. ते उठून तिच्यात जाऊन बसले.

"बरं," हितेश म्हणाला, "एवढा एक सीझन. चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाप्पा तुम्हीच द्या. एक जरी चुकीच्या घरी गेला, तर खुर्ची माझी. कबूल?"

काळुरामांनी बराच विचार केला आणि मान डोलावली.

हे ऐकून त्यांची मोठी मुलगी ऋतुजा कामाला लागली. ती रोह्याला सासरी असते, तिथल्याच एका कंपनीत संगणकाचं काम बघते. दर रविवारी रोह्याहून रेल्वेने पेणला यायची आणि गाडीत मांडीवर लॅपटॉप घेऊन मला घडवायची. त्यामुळे माझं जन्मगाव एक नाही. माझा टिचकी मारायचा बाण निडीला झाला, गाडी क्रॉसिंगला थांबली होती तेव्हा. माझी खिडकी नागोठण्याची. ती बंद करायचं बटण कासूला होणार होतं, पण तोवर ऋतुजाला झोप लागली. म्हणून सुरुवातीला माझी खिडकी एकदा उघडली की उघडीच राहायची. लोक समजून घ्यायचे.

तिने प्रत्येक मागणीसाठी गणपतीचं एक छोटं चित्र काढलं. चित्रावर टिचकी मारली, की मूर्तीची जागा कळायची. टिचकी दोनदा मारायची होती, पण काळुरामांची एक टिचकी सकाळी पडायची आणि दुसरी जेवण झाल्यावर. ऋतुजाने ती एकदाच केली.

मग मला पाहायला विमलबाई आल्या. त्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात. सगळा कारखाना त्यांना घाबरतो.

"गो बाय, हा बाण कसला? बाप्पाच्या डोल्यात जाईल ना!"

बाणाचा ब्रश झाला.

"आन् ही बादली?"

"ती कचरापेटी आहे, विमलमावशी. मागणी पूर्ण झाली की चित्र उचलून त्यात टाकायचं."

विमलबाईंनी डोळे वटारले. बादलीचं तळं झालं. त्या तळ्यात चित्र सोडायच्या आधी संगणकासमोर आरती होऊ लागली, तिला माझी काही हरकत नव्हती. प्रसाद मात्र मला कधीच मिळाला नाही.

खरी अडचण पुढेच होती. मूर्ती घरी नेताना तिचं तोंड रुमालाने झाकतात. इथे तर प्रत्येक चित्र कुणाच्या तरी घरच्या बाप्पाचं. काळुरामांनी माझ्याकडे पाहिलं, खिशातून रुमाल काढला आणि अख्ख्या पडद्यावर टाकला. ऋतुजाने पुष्कळ समजावलं. "नाय." शेवटी तिने प्रत्येक चित्रातल्या तोंडावर लाल रुमाल काढला.

हितेश कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "ताई, ही ऑर्डर बघायची सोय हाय की धोब्याची दोरी?"

सगळे हसले. ऋतुजा हसली नाही. सगळी चित्रं आता सारखीच दिसत होती, आणि बाबांची खुर्ची जाणार हे तिला कळून चुकलं होतं.

तेव्हा काळुराम उठले. भिंतीशी पाटांची चळत होती. आमच्याकडे ओळखीची घरं आपला पाट आधीच कारखान्यात आणून देतात, त्यावरच त्यांचा बाप्पा बसून जातो. काळुरामांनी एक पाट ओढला, कोपरा जळालेला. तो ऋतुजाच्या मांडीवर ठेवला आणि बोट नागोठण्याच्या दिशेने केलं. मग पितळी फुलांचा पाट उचलला, बोट खाडीकडे. मग एक खिळा वर आलेला. नाव एकाचंही ओठांवर नाही, पण घर प्रत्येकाचं ठाऊक.

ऋतुजाने त्याच दुपारी पाटांचे फोटो काढले आणि रुमालवाल्या चित्रांच्या जागी बसवले. मित्रांनो, मी त्या दिवशी खरा जन्मलो असं मला वाटतं. गाडीत नव्हे, जमिनीवर.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी ऋतुजाची कंपनीत शिफ्ट होती आणि तिथे फोन आत नेऊ देत नाहीत. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गिऱ्हाईक यायचं, काळुराम डाव्या हाताने ब्रश सरकवून त्याच्या पाटावर टिचकी मारायचे, जागा दिसायची, बाप्पा रुमाल घेऊन निघायचे. दुपार उतरेपर्यंत एकही चूक नाही. हितेश मुकाट्याने मूर्ती उचलून देत होता.

मग गडब गावचे सखा आले. जुने गिऱ्हाईक. काळुरामांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पुन्हा पाहिलं. मीही स्वतःला पाहिलं. सखांचा पाट माझ्याकडे नव्हताच. फोटो काढले त्या दुपारी विमलबाई त्याच्यावर बसून डबा खात होत्या, आणि त्यांना ऊठ म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती.

समोर झाकलेल्या मूर्तींच्या रांगाच रांगा. मित्रांनो, माझा काहीही उपयोग नव्हता.

काळुरामांचे ओठ हलले. "प... पां..."

"पाण्याजवलचा?" हितेश म्हणाला. "पाटावरचा? पाचवा? परवा रंगवला तो?"

काळुरामांनी तोंड मिटलं.

"हितेश," विमलबाई ब्रश खाली ठेवून म्हणाल्या, "तुझा तोंड बंद कर. त्यांचा उघडतंय."

"मावशी, पण लोक खोलंबलेत..."

"खोलंबू दे. बाप्पा वर्षभर थांबतो. हे जरा थांबतील."

सखांनी टोपी काढून मांडीवर घेतली आणि ते खाली बसले. मागची माणसंही गप्प झाली. हितेशने हाताची घडी घातली. कुणीच काही सुचवलं नाही. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही.

"पांढरा," काळुराम म्हणाले. "उंदीर... पांढरा. मागं. खाली."

हितेश मागच्या रांगेत गेला, वाकला, खालच्या फळीवरून एक मूर्ती दोन्ही हातांनी पुढे घेऊन आला. तिच्या पायाशी पांढरा उंदीर होता.

"हाच माझा," सखा म्हणाले.

हितेश बापाजवळ आला. त्याने खुर्ची टेबलाजवळ नीट सरकवून दिली, बाबा तीत असतानाच.

त्यानंतर काळुराम रोज माझ्यासमोर बसू लागले. एका पाटावर ब्रश न्यायचा आणि तोंडाने त्या घराचं नाव शोधायचं. कधी सापडायचं, कधी चहा झाल्यावर सापडायचं. हितेश शेजारी बसायचा आणि गप्प राहायचा. त्याला ते फार जड जायचं, मला दिसायचं.

आणि एका सकाळी काळुरामांनी मला बंद केलं. ते बटण एव्हाना झालं होतं. माझ्या मागची काळी पाटी समोर आली. त्यांनी एका बोटाने आज्ञा लिहिली. चुकली. पुन्हा लिहिली. चुकली. तिसऱ्यांदा पाटीने नाय म्हटलं नाही.

"बाबा!" हितेश ओरडला, आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

तेव्हापासून मला फारसं कुणी उघडत नाही. विमलबाई कधीमधी तळं बघायला येतात. मला त्या रविवारांची आठवण होते, निडीच्या थांब्याची, माझ्या उघड्या खिडकीची, आणि माझ्यावर फिरणाऱ्या त्या डाव्या हाताची. वाईट वाटतं का? थोडं वाटतं. पण ज्याच्यासाठी मला शिवलं, त्याला माझी गरज उरली नाही, यापेक्षा जास्त सदऱ्याने काय मागावं?

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाचा तरी शब्द अडकत असेल. आजोबांचा, धाकट्या बहिणीचा, वर्गातल्या एखाद्या मुलाचा. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. टोपी असेल तर काढा आणि खाली बसा. आणि जुन्या संगणकात माझ्यासारखं कुणी सापडलं, तर जागा अडते म्हणून लगेच पुसून टाकू नका. कुणाचा शब्द पुन्हा हरवला, तर मी आहे. मला उघडायला जरा वेळ लागतो. तेवढं थांबा.