अर्धंच उचललेलं बोट

मी एक बासरी बोलतेय. काचेच्या कपाटातली नव्हे. कपडे शिवणाऱ्या एका माणसाने आयुष्यात केलेली पहिली बासरी. सध्या मुक्काम खालच्या खणात, जुन्या चेन आणि सुट्या बटणांच्या सोबतीला. बटणं काही बोलत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते.

आधी मी बांबूची साधी काठी होते. मास्टरच्या दुकानात आडवी बांधलेली, शिवून झालेले कपडे अंगावर घेऊन. गिऱ्हाइकं टेलरला मास्टर म्हणत आणि तो तेवढ्यानेही लाजायचा. चाळिशी ओलांडली तरी माप घेताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचा नाही. लग्न राहून गेलेलं. दुकानामागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची थोरली बहीण राहत. ताई हातशिलाई करायची, आणि दोघांच्या वाटचं बोलायचीही तीच.

समोरच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी पाच-सहा जण जमून बासरी वाजवत. बासऱ्या बनवणारे एक म्हातारे काका त्यांना शिकवत. मास्टर खिडकीत उभा राहून ऐकायचा.

"वर जा ना," ताई म्हणायची. "खातात का ते तुला?"

"रिकाम्या हाताने कसं जाऊ?"

"मग विकत घे एखादी."

"विकत घ्यायलाही तिथेच जावं लागेल ना."

ताईने कपाळावर हात मारला.

पुढे दुकानात लोखंडी नळी बसवली आणि मी मोकळी झाले. मास्टरने माझं एक लांब पेर कापून घेतलं. एका टोकाची गाठ तशीच ठेवली, दुसरं टोक उघडं. मग मला टेबलावर आडवं ठेवून पट्टी आणि खडू घेतला. फुंकायच्या भोकाची खूण केली आणि पुढे बोटांच्या सहा भोकांच्या खुणा. सगळ्या अगदी सारख्या अंतरावर, शर्टाला काजं घालतात तशा. वीस वर्षांची सवय हो. त्याला वाटलं, अंतर सारखं म्हणजे काम नेटकं. बासरीची भोकं काजांसारखी नसतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सळई तापवून त्याने भोकं पाडली. मला चटके बसले, पण त्याचे हात इतके जपून चालत होते की रागावता आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक कोट हुंगत म्हणालं, "मास्टर, हा शिवलाय की भाजलाय?"

पहिले पंधरा दिवस माझ्यातून नुसती हवा गेली. "दूध उतू चाललंय का?" ताई आतून विचारायची. "एवढ्या फुंकरा कशाला?" मग एका दुपारी अचानक आवाज फुटला. जाडसर होता, पण होता. मास्टरने घाबरून मला खालीच ठेवलं.

सूर जुळू लागले, एक सोडून. उजव्या हाताचं पहिलं बोट उचललं की सूर चढा लागायचा. मास्टरचा कान शहाणा होता, त्याला ते खुपायचं. शेवटी त्यानेच तोड काढली. तो ते बोट पूर्ण उचलायचा नाही. अर्धंच उचलायचा, अर्धं भोक झाकून ठेवायचा. सूर बरोबर जागेवर यायचा. वर्षभर आम्ही दोघं असे वाजवत राहिलो. माझ्यातली चूक त्याच्या बोटात जाऊन बसली, आणि आम्हाला दोघांनाही ते कळलं नाही.

मग एका रविवारी तो मला पिशवीत घालून वर गेला. दाराशी दोनदा मागे फिरला. तिसऱ्यांदा काकांनीच दार उघडलं.

काकांनी मला वाजवून पाहिलं. "स्वतः केलीस? आवाज गोड आहे. पण हा एक सूर चढा आहे. ही आमच्यात बसणार नाही." त्यांनी त्याला आपली एक बासरी दिली. सगळे वाजवू लागले आणि तिच्यावर मास्टरचा तोच सूर दरवेळी खाली पडू लागला. एकेक करून सगळे थांबले.

"बोट का चोरतोयस?" काका म्हणाले. "उचल पूर्ण."

"मास्टर, माप चुकलं वाटतं," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, तोही हसला. वाईट मनाने नव्हतं ते. पण घरी आल्यावर त्याने दार लावून घेतलं आणि मला वाजवलं. माझ्यावर सगळं जमत होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी काकांनी विचारलं, "ती घरी वाजवतोस ना अजून? ती वाजतेय तोवर ही लागायची नाही. आणि ही लागल्याशिवाय तुला आमच्यात वाजवता यायचं नाही."

त्या संध्याकाळी त्याने मला ताईपुढे धरलं. "ठेव कुठेतरी. मला सांगू नकोस."

ताईने मला हातात तोललं. "हिचं तुझ्याशी जमतं रे. पण बाकी कुणाशीच जमत नाही." मग अस्तराच्या तुकड्यात गुंडाळून तिने मला या खणात ठेवलं.

इथून रविवारचं वाजवणं ऐकू येतं. सगळ्यांत मी मास्टरला लगेच ओळखायचे, त्या एका पडलेल्या सुरावरून. तो पडला की मला वाटायचं, अजून माझी आठवण आहे. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटायची.

नंतर एका रविवारी सूर पडला नाही. मी शेवटपर्यंत कान देऊन बसले. त्या गर्दीत मास्टर कोणता, ते मला ओळखताच आलं नाही.

गेल्या आठवड्यात तो चेन शोधत इथे आला आणि अस्तर उलगडलं. मला ओठांना लावलं. बोट पूर्ण उचललं गेलं, आणि मी चिरकले. त्याने पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. तो माझ्याकडे बघत राहिला, ओळखीच्या माणसाचं नाव आठवू नये तसा.

"काय रे, काय वाजतंय?" ताईने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "ही अशीच वाजायची का गं?"

त्याने मला पुसून जागेवर ठेवलं, पण अस्तर गुंडाळायचं राहिलं.

तुमच्याही घरात तुमच्या हातचं असं पहिलं काहीतरी पडलेलं असेल. ते पुन्हा वापरलं नाहीत तरी माझी तक्रार नाही. फक्त टाकून देऊ नका. आणि कधी हाती लागलंच, तर थोडी थंडी वाजते आम्हाला, तेवढं कापड नीट गुंडाळा.